कुठल्या बाजाराची गोळी

तीन वर्षांत सरांनी मला एकदाही नाव विचारल्याशिवाय चहा दिला नाही.

कॉलेजच्या जिन्याखाली चहाचं टेबल होतं आणि मधल्या सुट्टीत कपांचं वाटप सर स्वतः करायचे. हातात कप धरायचा, समोरच्या मुलीकडे बघायचं आणि विचारायचं, "पूर्ण नाव?" मी सांगायचे. मग ते एकदा माझ्याकडे, एकदा कपाकडे बघायचे आणि कप द्यायचे. पहिल्या महिन्यात मला वाटलं, यांना विसरायचा आजार आहे. दुसऱ्या महिन्यात वाटलं, चेष्टा करताहेत. तिसऱ्या महिन्यात आम्हाला वॉर्डात पाठवलं आणि मग कळलं.

माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. खाटेवरच्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "पांडुरंग ना तुम्ही?" त्यांनी मान डोलावली. "हां." मी त्यांची बाही वर केली तोच मागून सरांचा आवाज आला. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना जमतच नसे. त्यांनी म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

"कोंडाजी."

पांडुरंग खाली वडापाव खायला गेला होता.

सर म्हणाले, "दवाखान्यात आपल्याकडच्या प्रत्येक माणसाचं नाव 'हो' असतं. तुम्ही राजा म्हणा, रंक म्हणा, तो 'हो' म्हणणार. तुम्ही शिकलेल्या, तो आडवा पडलेला. तुम्हाला खोटं कसं पाडायचं, म्हणून तो इंजेक्शन घेईल. म्हणून नाव सांगायचं नाही, विचारायचं." एवढं बोलून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी कपासोबत तोच प्रश्न आला आणि मी पहिल्यांदाच मनापासून उत्तर दिलं.

आमचं नर्सिंग कॉलेज जुन्नरच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. कॉलेजच्या नावात 'इन्स्टिट्यूट'ही होतं आणि 'इंटरनॅशनल'ही. मुली मात्र सगळ्या जुन्नर आणि आंबेगावच्या. मी आंबेगावातल्या महाळुंगे पडवळची, म्हणजे त्यातल्या त्यात परदेशी. लग्नसराईत खाली बँड वाजायचा आणि वर सर हृदयाच्या ठोक्यांवरची औषधं शिकवायचे. बँड फारच चढला तर ते खडू खाली ठेवत आणि शांतपणे म्हणत, "नाडी मोजा." आम्ही एकमेकींचे हात धरून बसायचो. "बँडच्या आवाजात मोजता आली तर वॉर्डातही येईल," असं त्यांचं म्हणणं. लग्नसराईचा त्यांनी एवढा एकच उपयोग मान्य केला होता.

सर राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी जुन्नरात आलेल्या जैन घरातले. थोरल्या भावाचं पेठेत किराणा दुकान. घरी मारवाडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. फार्मसी शिकून त्यांनी आधी औषधांचं दुकान काढलं होतं. ते का चाललं नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "ती पांढरी गोळी द्या." सर म्हणायचे, "पांढऱ्या गोळ्या माझ्याकडे दोनशे आहेत. कुठली?" गिऱ्हाईक म्हणायचं, "ती वो, मागच्या टायमाला नेलेली." सर म्हणायचे, "चिठ्ठी आणा." गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं आणि तिथे पांढरी गोळी लगेच मिळायची. भाऊ म्हणाला, "तू लोकांना परत पाठवतोस, त्यापेक्षा शिकवायला जा. तिथे परत पाठवलेल्या पोरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात." एकंदरीत सल्ला चांगला होता.

शिकवताना त्यांच्याजवळ पुस्तक नसे. औषध देताना पाच गोष्टी बरोबर असाव्यात हे आम्ही पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं: माणूस, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. एका मुलीने सांगितलं की नव्या पुस्तकात दहा दिल्या आहेत. सरांनी स्वतःच्या दोन्ही पंजांकडे बघितलं. "पाच एका हातावर मोजता येतात, दुसरा हात रिकामा राहतो," ते म्हणाले. "त्याच हाताने औषध द्यायचं असतं."

वेळेचा धडा तर त्यांनी स्वतःच्या घरावरून शिकवला. चिठ्ठीवर 'रात्री जेवणानंतर' असं असेल तर ते किती वाजता? आम्ही म्हणालो, नऊ. सर म्हणाले, "माझी आई सूर्य मावळायच्या आत जेवते. तिची रात्र साडेपाचला होते. आणि भीमाशंकरला जत्रेत हॉटेल चालवणारा माणूस जेवतो मध्यरात्रीनंतर. डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली. तुम्ही कुणाचं जेवण धरणार?" मग ते एकेकीला उभं करून तिच्या घरी कोण किती वाजता जेवतं हे विचारत बसले. तास संपला, एकही औषध शिकवून झालं नव्हतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला नाही. पण आजही मी चिठ्ठी हातात घेतली की पहिल्यांदा विचारते, "तुम्ही जेवता किती वाजता?" आणि लोकांना वाटतं मी जेवायला बोलावते आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर 'पिशवीचा तास' असायचा. प्रत्येकीने घरातल्या औषधांची पिशवी आणायची. औषधांची पिशवी म्हणजे काय हे ज्यांना सांगावं लागत नाही तेच आमच्या भागातले. साडीच्या दुकानाची जुनी कॅरीबॅग, तिच्या तोंडाला गाठ, आणि आत सात वर्षांतले गोळ्यांचे पत्ते, दोन मलमं, एक्स-रेची पावती आणि एखादा अंगारा. सर पिशवी टेबलावर ओतायला लावायचे. अंगारा बाजूला काढून कपाळाला लावायचे आणि मग पत्ते उलटे करून मागचं बारीक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, मोठ्याने वाचायला सांगायचे.

माझ्या दादांच्या पिशवीत, म्हणजे वडिलांच्या, ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या निघाल्या. एक मंचरच्या डॉक्टरांची, एक आरोग्य शिबिरात फुकट मिळालेली. पत्त्यांवरची नावं वेगळी, रंग वेगळे. मागचं बारीक नाव एकच. वर्षभर दादा एकच औषध दुप्पट घेत होते आणि त्यांचे घोटे सुजले की आम्ही टोमॅटोच्या तोडणीला दोष देत होतो. सरांनी विचारलं, "शिबिर कुणाचं होतं?" मी सांगितलं, भाऊंच्या वाढदिवसाचं.

भाऊ म्हणजे आमच्याकडचे मोठे पुढारी. कॉलेजच्या संस्थेवर त्यांचा वरदहस्त होता, आणि तो फ्लेक्सवर तीन ठिकाणी छापलेलाही होता. सरांची आणि भाऊंची गाठ आमच्या शपथविधीच्या कार्यक्रमात पडली. पांढरे गणवेश, हातात दिवे, खुर्च्यांना सॅटिनचे झगे. भाऊ दोन तास उशिरा आले, त्यामुळे दिवे दोनदा लावावे लागले. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ द्यायला सरांना पुढे केलं, कारण शिक्षकांत तेच वयाने मोठे होते. सर शाल घेऊन भाऊंसमोर उभे राहिले. माईक चालू होता.

"आपलं पूर्ण नाव?"

भाऊंच्या मागे भाऊंचेच तीन फोटो होते. प्राचार्यांचा चेहरा पाहून एका मुलीने सवयीने त्यांची नाडी मोजायची तयारी केली. पण भाऊ कसलेले. त्यांना वाटलं ही काहीतरी नर्सिंगमधली पद्धत असणार. त्यांनी छाती पुढे काढून वडिलांसकट नाव सांगितलं.

"जन्मतारीख?"

"कागदावरची का खरी?" भाऊंनी विचारलं.

आमच्या भागात हा प्रश्न अजिबात विनोदी नाही. मास्तरांनी शाळेत घालताना निम्म्या तालुक्याला एक जूनला जन्माला घातलेलं आहे. सर म्हणाले, "दोन असतील तर दोन्ही सांगा." भाऊंनी दोन्ही सांगितल्या. मग सरांनी शाल घातली. जाताना भाऊ प्राचार्यांना म्हणाले, "मास्तर लई भारी आहे राव तुमचा. मान द्यायची काय पद्धत." त्यानंतर सरांना कोणी हात लावू शकलं नाही.

आता या माणसाची चूक सांगते.

इंटर्नशिपमध्ये आमची नेमणूक मढच्या बाजूला होती. घरोघर जायचं, कोण कुठलं औषध घेतं ते फॉर्मवर लिहायचं आणि समजावून सही करायची. वरच्या एका वाडीत एक मावशी राहायच्या. भात आणि नाचणीची शेती, नवरा नाही, मुलगा-सून मुंबईला. सांधेवाताने बोटं वाकडी झालेली. त्यांना नारायणगावच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी दिली होती. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. जास्त झाली तर रक्तातल्या पेशी मारते. म्हणून सरांच्या शब्दांत, "ही गोळी चांगली आहे, पण तिला रोज घरी बोलवू नये."

मावशी म्हणाल्या, "आठवडा मला कळतो, पर वार घोटाळ्यात पाडतो. इथं कोन हाय सोमवार-मंगळवार सांगाया?"

सर त्या दिवशी आमच्याबरोबर होते. त्यांनी विचारलं, "बाजाराला जाता का?"

"जाते की. ओतूरला."

"मग बाजाराच्या दिवशी. बाजार करून आलात, जेवलात, की एक गोळी. बाजार नाही तर गोळी नाही."

"हे ब्येस झालं," मावशी म्हणाल्या. मी फॉर्मवर लिहिलं: 'बाजाराच्या दिवशी एक गोळी.' खाली सही केली.

सर त्या वाक्यावर खूश होते. ज्या माणसाला कशाचंच अप्रूप नव्हतं, तो परतीच्या एस.टी.त स्वतःशी हसत होता. "वार विसरतो माणूस," ते म्हणाले, "बाजार नाही विसरत." ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली. आठ दिवसांत त्याचं पोस्टर झालं, टोपलीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बाजाराच्या दिवशी एक गोळी'. तपासणीला आलेल्या समितीने त्याचा फोटो काढला. भाऊंनी ते आपल्या ग्रुपवर टाकलं आणि सरांचा सत्कार ठरवला. पोस्टर लॅमिनेट झालं की त्यावरच्या वाक्याला प्रश्न विचारायचं कोणाला सुचत नाही. आम्हालाही सुचलं नाही, आणि प्रश्न विचारणं हाच आमचा अभ्यासक्रम होता.

दुसऱ्या फेरीला मी मावशींकडे गेले तेव्हा श्रावण लागला होता. त्या ओसरीवर बसून भाकरी ताकात कुस्करून, तीही गिळता येत नाही म्हणून ठेवून देत होत्या. तोंडभर फोड आले होते. अंगात कणकण.

"उष्णता झालीया," त्या म्हणाल्या. "सबजा घेतला. पडत न्हाई फरक."

"मावशी, सांध्यांची गोळी घेता ना?" असं मी विचारणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग पांडुरंग आठवला, आणि उत्तर 'हो' येणार हेही दिसलं. मी म्हणाले, "सांध्यांची गोळी कधी घेता ते सांगा."

"बाजाराच्या दिवशी. एकबी बाजार चुकवला न्हाई मी."

"कुठल्या बाजाराला?"

मावशींनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "कुठल्या म्हंजी? पावसाळ्यात रानभाजी निगती. मढचा बाजार, ओतूरचा बाजार, जुन्नरचा बाजार. आठवड्याला तीन व्हत्यात. तुज्या सरांनीच सांगितलंय की, बाजार झाला की गोळी."

सर आले तेव्हा उन्हाळा होता आणि मावशींचा बाजार एकच होता. करटोली, कुर्डू, भारंगी उगवली आणि बाजार तीन झाले. त्यांच्याबरोबर गोळ्याही तीन झाल्या. गोळ्या संपल्या की मावशी रिकामा पत्ता दुकानात दाखवायच्या आणि दुकानदार नवा द्यायचा. पत्ता दाखवल्यावर देणार नाही असा एकच दुकानदार आमच्या भागात होऊन गेला होता, आणि त्याचं दुकान बंद पडलं होतं.

मी सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "शेवटची गोळी कधी?" काल, मी म्हणाले. "आता एकही नको. गाडी मिळव. मी खाली दवाखान्यात थांबतो." कांद्याची पिकअप मिळाली. मावशींना पुढे बसवलं, मी मागे गोणींवर. दवाखान्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी अगदी तळाला. तिथून रात्रीच्या आत मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी त्या गोळीवरचा उतारा सुरू केला आणि आम्हाला एवढंच सांगितलं, "अजून दोन बाजार झाले असते तर मला बोलवून उपयोग नव्हता."

चार दिवस काही सांगता येत नव्हतं. त्याच चार दिवसांत प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फॉर्मवर सही माझी होती आणि इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर त्यांची व्हायची होती. त्यांनी टाइप केलेला अहवाल पुढे सरकवला. 'दिलेल्या सूचनांचे रुग्णाने पालन केले नाही.'

"पुढच्या आठवड्यात सत्कार आहे," ते म्हणाले. "भाऊ येणार आहेत. एक सही कर. बाई काय वाचायला येणारेत?"

मी पेनाचं टोपण काढलं होतं. हे मी लपवणार नाही. तेवढ्यात सर आत आले, दार न वाजवता, हे त्यांच्या हातून पहिल्यांदाच झालं. त्यांनी कागद उचलला, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतात तसा तीनदा वाचला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "बाईंनी सूचना तंतोतंत पाळली. म्हणूनच त्या तिकडे आहेत."

"अहो पण कॉलेजचं नाव जाईल."

"जाऊ द्या. विचारलं की पुन्हा सांगू."

त्यांनी कोऱ्या कागदावर हाताने लिहिलं. सूचना मी दिली. ती अपुरी होती. कुठला बाजार, आठवड्यात किती, हे मी विचारलं नाही, कारण मला माझंच वाक्य आवडलं होतं. विद्यार्थिनीने ते तसंच लिहून घेतलं, तिनेही विचारायला हवं होतं. नंतर विचारलं ते तिनेच. इतकं लिहून त्यांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. "तुझा भाग वाच. बरोबर असेल तर सही कर. माझ्या भागावर नको." मी माझा भाग वाचला. त्यात मला सोडलेलं नव्हतं. मी सही केली, आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदा मला त्या रात्री शांत झोप लागली.

सत्कार रद्द झाला. शाल आधीच आणून ठेवलेली होती, ती प्राचार्यांच्या खुर्चीच्या पाठीला बरी पडली. सरांनी पोस्टर खिळ्यावरून काढलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूला कोरा कागद चिकटवून त्यावर मार्करने तीन शब्द लिहून परत टांगलं: 'कुठल्या बाजाराच्या दिवशी?' त्या कागदाला लॅमिनेशन करू दिलं नाही. माझं प्रमाणपत्र दीड महिना उशिरा आलं, पण आलं.

मावशी वाचल्या. त्या घरी परत गेल्यावर सर एकटेच वाडीवर गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. मावशींनी इतकंच सांगितलं, "आला, बसला, म्हनला माझं चुकलं. मी म्हनलं, बरं झालं कुनीतरी म्हनलं. डागदर लोक कवा म्हनत न्हाईत." आणि सरांनी त्यांना नोकरी देऊ केली.

म्हणजे नोकरी नव्हे, तास. नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात मावशी येणार. सर त्यांना एस.टी. स्टँडवरून घेऊन येणार, खुर्चीवर बसवणार आणि स्वतः शेवटच्या बाकावर वही घेऊन बसणार. मुलींनी एकेक औषध मावशींना समजावायचं आणि मावशींनी त्यातून चुकायची वाट शोधायची. या कामात त्यांच्या तोडीचं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

पहिल्या तासाला मला मुद्दाम बोलावलं होतं. जिन्याखालचा चहा त्या दिवशी वर आणला होता, मावशींच्या टेबलावर किटली आणि कप. खाली कुणाचं तरी लग्न होतं. पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली, तिच्या वाट्याला रक्तवाढीची गोळी.

"मावशी, ही रोज एक घ्यायची. चहाबरोबर नाही घ्यायची."

"बरं. दुधाबरूबर घीन."

"दुधाबरोबर पण नको."

"मंग ताकाबरूबर?"

"ताक पण नको, मावशी. दुधाचं काहीच नको. नुसत्या पाण्याबरोबर."

"आसं आदी बोल की. आन रोज म्हंजी कवा? सकाळी का सांजच्याला? आन येक दिस इसरले तर दुसऱ्या दिशी दोन घिऊ?"

मुलीच्या कपाळाला घाम आला. वर्ग हसला, मग एकेक करत हसायचा थांबला, कारण प्रत्येकीला आपली पाळी दिसायला लागली. मागच्या बाकावर सर भराभरा लिहीत होते. मावशींची नजर तिकडे गेली.

"आन तू कोन रं, मागं बसून लिवनारा? नाव काय तुजं?"

मावशींना त्यांचं नाव चांगलं माहीत होतं. सर उभे राहिले. त्यांनी वडिलांसकट पूर्ण नाव सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं, हात मागे बांधून.

"आन जल्माची तारीख?"

सरांनी वही मिटली. "कागदावरची का खरी?"

"खरी सांग," मावशी म्हणाल्या. "कागूद मला वाचाया येत न्हाई."

सरांनी खरी तारीख सांगितली. मावशींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे पाहिलं, आणि वाकड्या बोटांनी कप उचलून त्यांच्यापुढे धरला.